सेक्रेटरींचा आखाडा

अनंतरावांनी आयुष्यात कधी कुणाची गचांडी धरली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. तरी सौजन्य सोसायटीत या उन्हाळ्यात जो आखाडा झाला, तो त्यांनीच केला. निमित्त झालं विश्वजीतच्या सत्काराचं. विश्वजीत म्हणजे सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांचा पुतण्या. कॉलेजसाठी काकांकडे राहायला आलेला हा मुलगा यंदा विद्यापीठाच्या कुस्ती स्पर्धेत पहिला आला होता. सत्काराचं भाषण सेक्रेटरी या नात्यानं अनंतरावांकडे होतं. माईक हातात आला की अनंतरावांचा स्वतःवर ताबा राहत नाही, हे त्यांच्या बँकेतल्या लोकांनी त्यांच्याच निरोप समारंभात अनुभवलं होतं. बोलता बोलता ते मोबाईलवर आले, मोबाईलवरून आजच्या पिढीवर, पिढीवरून लाल मातीवर, आणि लाल मातीपाशी पोचल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की या सुट्टीत आपल्याच आवारात, आपल्याच मुलांसाठी, याच चॅम्पियनच्या हाताखाली कुस्ती शिबिर होईल. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ सांभाळत उभ्या असलेल्या विश्वजीतला ही बातमी बाकीच्यांबरोबरच कळली.

घरी आल्यावर कालिंदीबाईंनी एवढंच विचारलं की शिबिर कुठे घेणार. अनंतराव म्हणाले, जागेचा प्रश्न गौण आहे. ज्या गोष्टींना अनंतराव गौण म्हणतात, त्यांच्यापायी पुढे सगळं घर बेजार होतं, हे कालिंदीबाईंना लग्नापासून माहीत होतं. त्या गाण्याच्या क्लासला निघून गेल्या.

या उत्साहामागे आणखी एक कारण होतं, आणि ते सुट्टीसाठी पुण्याहून आलं होतं. अनंतरावांचा मुलगा अभय, त्याची ही वैदेही. वय वर्षं अकरा, अंगानं काटकुळी, बोलणं कमी. स्केटिंग सोडलं, कीबोर्ड सोडला, बुद्धिबळ सोडलं, चित्रकलेच्या क्लासला तर ती दारापर्यंत जाऊन परत आली. हिला कशातच गोडी नाही, असं अभयनं फोनवर सांगून टाकलं होतं आणि ते वैदेहीनं शेजारी बसून ऐकलं होतं. आजोबांना हे फार लागलं. शिबिरात पहिलं नाव त्यांनी तिचंच घातलं. तिला विचारलं नाही, कारण विचारलं की ती नको म्हणते.

नानासाहेबांचं म्हणणं पडलं की मॅट आणावी. आजकाल सगळीकडे मॅटवरच कुस्त्या होतात, गुंडाळून ठेवता येते, पाणी लागत नाही. अनंतराव म्हणाले, मॅट म्हणजे कुस्ती नव्हे, मातीच पाहिजे. अनंतरावांच्या घराण्यात मातीशी आलेला शेवटचा संबंध म्हणजे पार्थिव गणपती. नानासाहेबांची चितेगावकडे जमीन होती आणि ते वयाच्या चाळिशीपर्यंत नांगरामागे चालले होते.

“सेक्रेटरी,” ते म्हणाले, “आमच्या पिढ्या गेल्या मातीत. तिच्यातून निघून कसेबसे फरशीवर आलो. आता तुम्ही ती ट्रॉलीत घालून माझ्या दारात आणायले?”

आणली. दौलताबादकडच्या कुणाच्या तरी बांधावर बरी तांबूस माती निघते असं कळलं होतं, तिथून ट्रॅक्टर निघाला. तो वाटेत तपासणी पथकानं अडवला. मातीची परवानगी लागते, हे अनंतरावांना ठाऊक नव्हतं. ते रिक्षा करून तिथं पोचले आणि त्यांनी पथकातल्या साहेबांना लाल मातीचं महत्त्व समजावून दिलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले, तुमचं सगळं खरं आहे, पण माती कशासाठी, या रकान्यात वीटभट्टी आहे, भराव आहे, रस्ता आहे, बागकाम आहे. कुस्ती कुठंच नाही. अनंतरावांनी उभं आयुष्य लोकांचे अर्ज रकाना चुकला म्हणून परत पाठवण्यात घालवलं होतं, त्यामुळे साहेबांचा मुद्दा त्यांना पटला, आणि पटला याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी बागकाम लिहून माती सुटली. ही बातमी सोसायटीत आधीच पोचली होती. ट्रॉली फाटकात शिरली तेव्हा बी विंगच्या बायका रिकाम्या कुंड्या घेऊन उभ्या होत्या. बागकामासाठीच आलीय ना, असं त्यांचं म्हणणं होतं. शिबिर संपल्यावर सगळी माती कुंड्यांना वाटू, या लेखी आश्वासनावर त्या माघारी फिरल्या.

पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये हौद बांधून माती पडली. पण नुसती माती चालत नाही. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवावी लागते, असं विश्वजीतनं सांगितलं. अनंतरावांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ताकाचं आवाहन केलं. लोकांनी मोठं मन दाखवलं. प्रत्येक घरातून पातेलं आलं, फक्त प्रत्येकानं ताक आपल्या घरच्या पद्धतीनं केलं होतं. कुणाच्या ताकात जिरं होतं, कुणाच्यात कोथिंबीर, ए विंगच्या एका बाईंनी चांगलं आलं-मिरची वाटून घातलं होतं आणि एका घरातून गोड लस्सी आली, कारण त्यांच्याकडे आंबट कुणी पीत नाही. हे सगळं अनंतरावांनी मातीत ओतून घेतलं, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीभर कढीचा वास सुटला आणि मुंग्या आल्या. त्यात माती भिजवायला पाणी लागायचं. या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा पाळतात, आणि त्या दिवशी सेक्रेटरी पाइप धरून मातीवर उभे आहेत हे गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांना सहन होईना. नानासाहेब खुर्ची टाकून गॅलरीत बसत आणि बघत.

शिबिराच्या आदल्या दिवशी अनंतरावांना एक कल्पना सुचली, आणि सगळं पुढचं रामायण त्या कल्पनेनंच घडवलं. कालिंदीबाईंच्या गाण्याच्या क्लासात नुकताच गंडाबंधनाचा कार्यक्रम झाला होता. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी शिष्यांच्या मनगटावर दोरा बांधला, चणे-गूळ दिले, सगळ्यांचे डोळे भरून आले, फोटो फार छान निघाले. पैलवानांमध्येही वस्ताद आपल्या पठ्ठ्यांना गंडा बांधतात, हे अनंतरावांनी कुठंतरी वाचलं होतं. शिबिराचं उद्घाटन गंडाबंधनानं करायचं त्यांनी ठरवलं.

विश्वजीत संकोचला. एरवी तो अनंतरावांच्या कुठल्याच म्हणण्याला नाही म्हणत नसे. चेअरमनच्या घरात राहून सेक्रेटरीचं ऐकायचं, ही कसरत त्याला कुस्तीपेक्षा अवघड जात असावी.

“काका, गंडा लई मोठी गोष्ट असती,” तो म्हणाला. “सुट्टीतल्या शिबिराला नाय बांधत कुणी. एकदा बांधला की पोरगं आपलं झालं.”

अनंतराव म्हणाले, तेच तर हवं आहे. परंपरेचं महत्त्व या विषयावर ते विश्वजीतशी बराच वेळ बोलले, म्हणजे एका पैलवानाला त्याचीच परंपरा त्यांनी समजावून सांगितली. शेवटी विश्वजीतनं आपल्या वस्तादांना फोन लावून परवानगी मागितली. वस्ताद पलीकडून बरंच काही बोलले असावेत, कारण विश्वजीत नुसता व्हय व्हय म्हणत होता. उद्घाटन थाटात झालं. मुलांच्या मनगटांवर काळे दोरे बांधले गेले, गूळ-चणे वाटले, आयांचे डोळे भरून आले. फोटो इथंही चांगले निघाले.

मग शिबिर सुरू झालं आणि पालकांचा भ्रमनिरास सुरू झाला. विश्वजीतनं पोरांच्या हातात खोरी दिली. रोज सकाळी आधी माती उकरायची, मग सारखी करायची, मग पडायचं. पडायचं म्हणजे कुणी पाडायचं नाही, आपलं आपणच, न लागता पडायला शिकायचं. फी भरून पोरं खड्डे खणतात आणि पडतात, अशी तक्रार अनंतरावांकडे आली. एका वडिलांनी विचारलं की याच्या नोट्स मिळतील का. एका आईचा मुलगा उन्हानं काळा पडत होता, तिनं आखाड्यावर हिरवी जाळी मागितली. कुस्तीनं उंची वाढते की खुंटते यावर लिफ्टमध्ये दोन तट पडले. प्रमाणपत्रावर ‘कुस्ती’ऐवजी ‘मार्शल आर्ट’ लिहिता येईल का, अशीही विचारणा झाली, कारण कुस्ती बरी दिसत नाही. अनंतराव या सगळ्यांची उत्तरं देत, जाळी बांधत, मुंग्यांची पावडर टाकत दिवसभर इकडून तिकडे पळत होते. या पळापळीत आखाड्यात प्रत्यक्ष काय शिकवतात हे बघायला त्यांना एकदाही वेळ झाला नाही. कुस्ती शिबिराच्या संयोजकांनी कुस्ती सोडून बाकी सगळं पाहिलं.

वैदेहीत मात्र फरक दिसत होता. पहिल्या दिवशी ती रडवेल्या तोंडानं गेली. नंतर ती सगळ्यांच्या आधी उठून खोरं घेऊन हजर राहू लागली. घरी आल्यावर ती लोड आणि उशांना कवटाळून जमिनीवर गडगडायची. एकदा तिनं आजोबांना बोलावून दाखवायचा प्रयत्न केला, की आबा, बघा ना, यात आपण आधी खाली जायचं असतं. अनंतराव त्या वेळी फ्लेक्सवाल्याशी फोनवर होते. त्यांनी छान छान म्हणून मान हलवली. पण रात्री त्यांनी अभयला फोन करून सांगितलं की पोरगी टिकली आहे. फोन ठेवल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की मुंग्या, पाणी, नोट्स, सगळं विसरून ते चक्क शीळ घालायला लागले.

समारोपाला ‘भव्य कुस्ती मैदान’ घ्यायचं त्यांनी पहिल्या दिवसापासूनच ठरवलं होतं. ए विंग विरुद्ध बी विंग. जोड्या त्यांनी स्वतः घरी बसून लावल्या होत्या. एक निवृत्त प्राचार्य प्रमुख पाहुणे म्हणून ठरले होते, फेटे सांगितले होते, फाटकावर फ्लेक्स लागला होता. तो फ्लेक्स विश्वजीतनं कॉलेजातून येताना पाहिला आणि तो तसाच घामेजलेला अनंतरावांच्या दारात आला.

“काका, ह्या कुस्त्या नाय होणार.”

अनंतरावांना वाटलं, मांडवाची काही अडचण असेल. तसं नव्हतं. पोरांना गंडा बांधलेला होता. गंडाबंद पठ्ठे एका वस्तादाचे, म्हणजे एकमेकांचे गुरुबंधू. गुरुबंधू तालमीत रोज लढतील, पण मैदानात, लोकांसमोर, हलगी लावून एकमेकांविरुद्ध कधीच उतरत नाहीत. असं झालं तर वस्तादाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. मैदानात जोड नेहमी बाहेरच्या तालमीची असते.

अनंतराव खुर्चीत बसले. ते म्हणाले, आपण दोरे सोडू. कार्यक्रमापुरते. विश्वजीतनं त्यांच्याकडे असं पाहिलं की कालिंदीबाई आतून पाणी घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की हे वाक्य आमच्या क्लासमध्ये चुकूनही बोलू नका. अनंतराव मग चेअरमनकडे गेले, म्हणजे पुतण्याला चार शब्द सांगा म्हणून. नानासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पोरगं बरोबर बोलतंय, ते म्हणाले, आणि गंडा काय आम्ही बांधायला सांगितला नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कुणी पाहिलं नव्हतं.

आता बाहेरच्या तालमीतली मुलं शोधणं आलं. पण दिवस जत्रांचे. हर्सूल म्हणू नका, दौलताबाद म्हणू नका, जिथं फोन करावा तिथली पोरं गावोगावच्या मैदानांना गेलेली. शेवटी चितेगावचे बन्सी वस्ताद म्हणाले, पोरं नायत, एक पोरगी हाय, तिची परीक्षा होती म्हणून घरी राहिली. मोनिका तिचं नाव. तिचं वजन विचारून विश्वजीतनं सोसायटीतल्या पोरांवरून नजर फिरवली. तेवढ्यात बऱ्याच पालकांना आपण त्या दिवशी बाहेरगावी जाणार असल्याचं आठवलं. पण त्याची काही गरज नव्हती. त्या वजनात एकच जण बसत होती.

“वैदेही लढंल,” विश्वजीत म्हणाला.

वैदेही हो म्हणाली. ती कशालाही हो म्हणाल्याचं अनंतरावांनी त्या दिवशी प्रथम ऐकलं. समोरची पोरगी चितेगावच्या तालमीत वाढलेली, जत्रांतून जिंकल्याचा नारळ घेऊन परतणारी. ही सुट्टीत उशांशी लढलेली. सगळ्या सोसायटीसमोर ती एका क्षणात आपटली जाणार, नानासाहेब खुर्चीत बसून बघणार, आणि दुसऱ्या दिवशी ती ही गोष्टही सोडून देणार. मग अभय पुन्हा तेच म्हणेल, आणि ती शेजारी बसून पुन्हा ऐकेल. अनंतरावांना सोसायटीच्या अब्रूची काळजी होतीच, ती त्यांना कायम असते. पण या वेळी ती मागे पडली. त्यांना फक्त ही पोरगी हरायला नको होती.

त्यांनी मोबाईलवर कुस्तीचे नियम वाचायला घेतले. पहिल्यांदाच. त्यात त्यांना एक गोष्ट सापडली. कुस्ती रेंगाळली किंवा कुणाला इजा होईल असं वाटलं तर पंच दोघांना सोडवू शकतो आणि बरोबरी जाहीर करू शकतो. अनंतरावांनी हे पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे सगळं पंचाच्या हातात होतं.

विश्वजीतनं नानासाहेबांना पंच करा असं सुचवलं, त्यांना कुस्ती कळते. अनंतरावांनी गंभीरपणे हरकत घेतली. नानासाहेब हे विश्वजीतचे काका. काका पंच म्हणजे पक्षपाताचा संशय येणार. संस्थेच्या कारभारात संशयाला जागा नसावी, म्हणून सेक्रेटरी या नात्यानं ही जबाबदारी आपणच घेऊ. काका पंच चालत नाही आणि आजोबा कसा चालतो, असं कालिंदीबाईंनी घरात विचारलं, पण बाहेर कुणाच्या ते लक्षात आलं नाही. बन्सी वस्तादांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, चालतंय की, म्हातारा माणूस हाय, हौस असंल.

मैदानाच्या दिवशी सोसायटी लोटली होती. भव्य कुस्ती मैदानात कुस्ती एकच आहे हे जाहीर झाल्यावर थोडी कुजबुज झाली, पण खुर्च्या आधीच अडवलेल्या असल्यानं कुणी उठलं नाही. मोनिका आली. ती उंचीनं वैदेहीएवढीच होती, पण उभी अशी राहायची की जागा तिनं विकत घेतली आहे. प्रमुख पाहुणे शरीर आणि मन यांच्या संबंधावर बोलले. त्यांचं भाषण संपेपर्यंत हलगीवाल्यानं हलगी दोनदा शेकून घेतली. अनंतराव डोक्याला फेटा, गळ्यात शिट्टी अशा थाटात हौदात उतरले. चष्मा घसरू नये म्हणून त्याला मागून दोरी बांधली होती.

दोघींनी माती कपाळाला लावली, सलामी झाली आणि हलगी कडाडली. मोनिकानं पहिल्याच झटक्याला वैदेहीच्या मानेवर हात टाकून तिला वाकवलं. वैदेही सुटली. पुन्हा वाकवलं, पुन्हा सुटली. पडायला शिकलेली पोरगी पडत होती आणि दर वेळी पोटावर पडून उठत होती, पाठ काही मातीला लागत नव्हती. लोक ओरडायला लागले. अनंतरावांची शिट्टी दातांत होती. मग त्यांना दिसलं ते असं : मोनिका वैदेहीच्या अंगावर आली, वैदेहीचे गुडघे मोडले, तिचं डोकं मोनिकाच्या काखेखाली दिसेनासं झालं आणि मोनिकाचं सगळं अंग तिच्या पाठीवर चढलं. पोरगी दबली. अनंतरावांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली, फुंकतच राहिले, आणि दोघींच्या मध्ये आपलं सगळं शरीर घालून त्यांना सोडवलं.

“बरोबरी,” ते म्हणाले, आणि दोघींचे हात वर केले. वैदेहीचा हात वर झाला, पण त्यात जोर नव्हता, तो त्यांनाच धरून ठेवावा लागला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनी माईक मागून घेऊन पंचांच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. खेळात कधी थांबावं हे कळणं हीच खरी संस्कृती, असं ते म्हणाले. ए विंगनं टाळ्या वाजवल्या, बी विंगनंही वाजवल्या. सेक्रेटरी झाल्यापासून दोन्ही विंगांनी एकाच गोष्टीसाठी अनंतरावांचं कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ होती. ते फेटा सावरत हात जोडत होते. टोमणा मारायची एवढी चांगली संधी नानासाहेब सोडतात, इथंच अनंतरावांना शंका यायला हवी होती.

ती आली मोनिका निघाली तेव्हा. ती टेम्पोत चढण्याआधी त्यांच्या पाया पडली.

“आजोबा, जरा थांबायचं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मी गेले होते. पाय सुटले होते माझे.”

अनंतरावांना कळेना. त्यांनी विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीत मातीकडे बघत होता.

“काका, ती कलाजंग होती,” तो म्हणाला. “त्यात आपण खाली जायचं, मांडी धरायची, समोरच्याला खांद्यावर घ्यायचं अन् पलीकडं पाठीवर सोडायचं. वैदेहीनं घेतलं होतं तिला खांद्यावर. मला रोज लावायची ती. माझ्या अंगावर नाय बसला डाव, आज बसला.”

आणि मग त्यानं, बहुधा त्यांना बरं वाटावं म्हणून, असंही म्हटलं की बाहेरून बघणाराला तसंच वाटतं, काका, की खालचा मेला. अनंतरावांना बरं वाटलं नाही. ते मांडवातल्या एका खुर्चीवर बसले. मंडपवाला खुर्च्या गोळा करत त्यांच्यापाशी आला, थांबला आणि बाकीच्या आधी उचलायला लागला.

घरी वैदेहीनं व्यवस्थित जेवण केलं, आजीकडून आणखी एक भाकरी मागून घेतली. अनंतरावांनी समजुतीचं बोलायला सुरुवात केली. बरोबरी ही देखील एक प्रकारची, असं काहीतरी ते म्हणत होते.

“आबा, मी जिंकत होते,” वैदेही म्हणाली.

“मला वाटलं तुला लागेल.”

“तुम्ही बघतच नव्हता.”

अनंतराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. पोरीनं आयुष्यात एक गोष्ट शेवटापर्यंत नेली होती आणि ती शेवटाला त्यांनीच सोडवली होती. त्यांना स्वतःची अतिशय लाज वाटली. खाली आखाड्यात उद्याच्या वाटपासाठी कुणीतरी आत्ताच कुंडी आणून ठेवली होती.

सकाळी वैदेहीनं त्यांना उठवलं. बायका कुंड्या घेऊन यायच्या आत खाली चला, म्हणाली. अनंतराव चला म्हणाले आणि गेले. हौदात उतरल्यावर तिनं चष्मा काढून कालिंदीबाईंकडे द्यायला लावला, सदरा काढायला लावला. बनियन आणि पायजम्यात उभे असलेले सेक्रेटरी तसे काटकुळेच होते, ही शरीरयष्टी वैदेहीला त्यांच्याकडूनच आली होती. वर गॅलरीत नानासाहेब चहाचा कप घेऊन आले आणि खुर्चीत बसले. अनंतरावांनी ते पाहिलं, आणि सदरा परत मागितला नाही.

“आता मला ढकला,” वैदेही म्हणाली. “जोरात. मोनिकासारखं.”

त्यांनी ढकललं. ती मागे सरली नाही, खाली गेली. तिचं डोकं त्यांच्या काखेत शिरलं, एक हात मांडीत आला, आणि अनंतरावांना जाणवलं की आपण नातीच्या पाठीवर सगळ्या भारानं पडतो आहोत. त्यांनी घाबरून पाय टेकायला पाहिले तर पाय टेकेनात. कालिंदीबाई काठावरून म्हणत होत्या, अहो, पोरगी चेंगरेल, उठा आधी. खालून पोरीच्या श्वासाचा आवाज येत होता, पण खांदा हलत नव्हता.

“सेक्रेटरी,” वरून नानासाहेबांचा आवाज आला, “सोडवायचं का?”

“नाही,” अनंतराव म्हणाले. त्यांचे दोन्ही पाय हवेत होते. “कुणी मध्ये येऊ नका. ती जिंकते आहे.”

वाक्य पूर्ण झालं तेव्हा ते पाठीवर होते.